एका दोरावर दोघे

खाली फळीवर बसल्या बसल्या दाजीनं अक्काच्या कमरेत लाथ घातली, तेव्हा धाकटा वीटभट्टीच्या धुराड्याच्या टोकाशी लोंबकळत जुना चुना उकरत होता. एवढ्या उंचीवरून माणूस बोटाएवढं दिसतं, पण लाथ ती लाथच, लगेच ओळखू आली. अक्का कालवलेल्या चुन्यात तोंडावर पडली. डावा हात आधीच फडक्यात बांधलेला, तिला धड उठताही येईना.

"दाजी, हात आवरा," धाकटा वरून ओरडला.

"हात कुठं लावला? पाय लावला." दाजी स्वतःच्याच विनोदावर हसला. "चुना पातळ कालवलाय तुझ्या बहिणीनं. तू तुझ्या दरजा बघ. मी फळीवरून उठलो तर तुझं काय होईल, ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं! धुराड्याच्या विटा शाबूत होत्या, पण मधला चुना धुरानं आणि पावसानं खाल्लेला. दरजांत सहज बोट जाई. त्या भरायची या दोघांची रीत एकच. धुराड्याच्या तोंडावर लोखंडी दांडा आडवा टाकायचा, त्याला वेढा देऊन एकच दोर सोडायचा आणि दोराच्या दोन टोकांना दोन फळ्या बांधायच्या. एकानं वर बसायचं, एकानं खाली. वरचा भरत भरत उतरायचा, तसा खालचा दुसऱ्या बाजूनं भरत चढायचा. दोघं वजनाला सारखे, म्हणून फळ्या जागच्या जागी राहत. एक उठला की दुसरा गेलाच. मेहुणे-मेहुणे जोडीनं गवंडीकाम करत, आणि अक्काचं लग्न वजन बघूनच जमवलं, अशी गावात चेष्टा चाले. अक्काला काही त्यात हसण्यासारखं सापडलं नव्हतं.

धाकटा पुन्हा चुना उकरायला लागला. दाजीला वाटलं, जिरली. पण धाकट्याचं डोकं भणभणत होतं आणि त्याला एकच कळत होतं, की मधोमध आलो की हा हाताशी येणार. त्यानं दरजांत कसाबसा चुना कोंबला आणि भिंतीला पाय रेटत दोर सरकवत राहिला. ऊन विटांवर तापलं होतं. घाम डोळ्यांत उतरत होता, आणि पलीकडून दाजीचं कण्हत-कुंथत वर येणं ऐकू येत होतं.

दोघं एका उंचीला आले. मध्ये फक्त धुराड्याची गोलाई.

"अक्काचा हात कुणी मोडला?"

"पायरीवरून पडली ती."

"तुम्ही मोडलात."

"बायको माझी आहे. तुला काय करायचंय?"

"तू मोडलास," धाकटा म्हणाला. इतक्या वर्षांत दाजीला तो पहिल्यांदाच तू म्हणाला, आणि त्याच दमात झोका घेऊन त्यानं हातोडी हाणली. ती दाजीच्या खांद्यावर बसली. आत काहीतरी कडकन मोडलं. दाजीनं बोंब मारत छिन्नी खुपसली, ती धाकट्याच्या दंडात घुसली. दोघांच्या फळ्या भेलकांडल्या. धाकट्याचं कपाळ विटेवर आपटून फुटलं, तरी त्यानं दाजीची मान धरली आणि त्याचं थोबाड त्याच भिंतीवर घासलं. ओल्या चुन्यातून रक्ताचे ओघळ खाली निघाले.

दाजीच्या मांडीत चुन्याची भरलेली बादली होती. जिवाच्या भीतीनं त्यानं ती उचलून धाकट्याच्या अंगावर फेकली. जन्मभर या दोरावर बसलेल्या माणसानं ही चूक करावी! बादली धाकट्याच्या मांडीत आली आणि दाजीची फळी हलकी झाली. दोर सर्रकन पळाला. धाकटा खाली निघाला, दाजी वर. दोराला गच्च धरलेली त्याची बोटं दांड्याखाली गेली आणि तिथंच चेचली. त्या किंकाळीनं शेतात वाकलेली माणसं उभी राहिली.

धाकटा चुन्याच्या ढिगात धपकन आदळला. कंबर शाबूत होती. डोळ्यांत चुना चरचरत होता. अक्कानं हंड्यातलं पाणी त्याच्या तोंडावर भसाभसा ओतलं. मग त्याला वर टोकाशी लटकलेला दाजी दिसला. आता नुसतं उठायचं होतं.

"उठू नको रे," वरून दाजी रडत होता. "पाया पडतो तुझ्या."

"अक्का, बाजूला हो. उठतो मी."

अक्कानं धड हातानं त्याचा खांदा दाबला. "बस. तू उठलास की तो मरेल आणि तुला आत टाकतील. त्याच्यापायी माझा हात गेला. भाऊ नाही जाऊ देणार."

"मग काय, खाली उतरवून परत त्याच्या घरात नांदणार?"

अक्का मागे वळली. भट्टीचा म्हातारा राखणदार तोंड उघडं टाकून बघत उभा होता. त्याला ती म्हणाली, "बाबा, विटा आणा. याच्या फळीवर रचा." तो आणत गेला, ती एका हातानं रचत गेली. धाकट्याच्या मांडीत विटा, दोन्ही बाजूंना विटा, मग वरून दोरीचे वेढे. भार पुरेसा झाला तशी ती म्हणाली, "आता ऊठ. सावकाश." धाकटा विटांखालून अंग काढत उठला. वरची फळी तसूभरही हलली नाही.

अक्का घरी गेली. बोचकं बांधलं, दाराला कडी घातली आणि भावाबरोबर रस्त्याला लागली. धुराड्याच्या टोकावरून सगळं गाव दिसतं, घराचं दारही. दाजीला ती निघालेली दिसली असणार, कारण आधी शिव्या आल्या, मग विनवण्या, आणि शेवटी त्यानं ओरडून विचारलं, "अगं, माझ्या जेवणाचं काय?"

धाकट्याला त्या रक्तबंबाळ तोंडानंही हसू आलं. अक्का गाडीच्या थांब्यावरच्या दगडावर बसली आणि तिनं पदर फाडून त्याचा दंड बांधायला घेतला.

"गाडीला वेळ आहे अजून," ती म्हणाली. "राखणदाराला सांगितलंय मी. गाडी गावाबाहेर गेल्यावरच विटा काढायला घ्या, आणि एकेकच काढा म्हणून."