डावीकडे वळणारी कुत्री

पाहुण्यांना कुत्र्यांच्या स्लेजमधून बर्फावर फिरवणाऱ्या आमच्या केनेलच्या माहितीपत्रकावर रायमोने स्वतः एक वाक्य लिहिलं आहे: 'तुम्ही हात सोडलेत तरी आमची कुत्री तुम्हाला सुखरूप घरी आणतील.' रायमो म्हणजे माझा नवरा. हे वाक्य त्याचं फार लाडकं. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आईबापांचा तर ते वाचून अर्धा जीव भांड्यात पडतो. मला मात्र हल्ली ते वाचवत नाही.

वाक्यात खोटं काही नाही. जंगलात एका वठलेल्या पाइनपाशी आमच्या वाटेला दोन फाटे फुटतात. डावा फाटा शेकोटीच्या झोपडीवरून घरी येतो, उजवा हौकी तळ्याकडे जातो. पूर्वी एकदा एका जर्मन जोडप्याची स्लेज उजवीकडे भरकटली आणि ती दोघं सापडेपर्यंत आमच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून रायमोने डाव्या फाट्यावर कुत्र्यांना गोठलेल्या चरबीचा तुकडा द्यायला सुरुवात केली. रोज, प्रत्येक फेरीला, कित्येक हिवाळे. आता चरबी असो नसो, ते झाड दिसलं की सगळी टोळी डावीकडे वळते. झोपडीपाशी आपण होऊन थांबते. पाहुण्यांचे फोटो काढून होईपर्यंत बर्फात अंग टाकते. अशी कुत्री आख्ख्या मुओनियो गावात कुणाकडे नाहीत, असं रायमो सांगायचा, आणि ते खरं होतं.

हौकी तळ्याच्या काठी माझ्या सासऱ्यांचं खोपटं होतं. ओइवा त्यांचं नाव. ते त्यांनी तरुणपणी एकट्याने बांधलं, ओंडके तिथलेच तोडून. दर हिवाळ्यात ते कुत्री जुंपून तिकडे जायचे, चार दिवस राहायचे, बर्फाला भोक पाडून मासे धरायचे आणि दाढी वाढवून परत यायचे. पाठीचं ऑपरेशन झालं आणि ते जाणं बंद पडलं. डॉक्टरांनी सांगितलं, स्नोमोबाइलवर बसायचं नाही, हादरे चालणार नाहीत. स्लेजमध्ये रेलून बसून गेलात तर जा, पण हाकायचं दुसऱ्याने.

दुसरा म्हणजे रायमो. आणि रायमोला वेळ कुठला? नाताळात इंग्रज पाहुणे, जानेवारीत फ्रेंच, मग आमच्याच शाळांची स्कीची सुट्टी. गेल्या हिवाळ्यात म्हातारा गप्प बसला. बर्फही बेताचाच पडला होता. या हिवाळ्यात मात्र त्यांनी नोव्हेंबरपासून भुणभुण लावली.

"रायमो, खोपट्याकडे एकदा जायला हवं."

"जाऊ की बाबा. जरा गर्दी कमी होऊ दे."

"गर्दी कमी व्हायची तर तू माहितीपत्रकं वाटणं बंद कर."

"मग खायचं काय? तुमचे मासे?"

"माझ्या माशांवरच वाढलास तू," म्हातारा म्हणायचा, आणि दोघं हसायचे. मीही हसायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला मासे धरायची हौस आली आहे. हौसेला थांबायला सांगणं आपल्याला फार सोपं जातं.

जानेवारीच्या अखेरीस एका कुटुंबाने आयत्या वेळी फेरी रद्द केली आणि एक दिवस रिकामा मिळाला. सकाळी रायमोने पिल्वीची टोळी जुंपली. पिल्वी आमची म्होरकी, स्वभावाने सगळ्यांत शांत, म्हणून मुलाबाळांच्या स्लेजला नेहमी तीच. सासरे रेनडियरच्या कातड्यावर ऐसपैस बसले. मांडीवर बर्फ ओढायचं फावडं, पायाशी कॉफीची किटली. मी मागून दुसरी स्लेज घेऊन निघाले. ते इतके खुशीत होते की वाटेत खारीलासुद्धा टोपी काढून नमस्कार केला.

वठलेल्या पाइनपाशी रायमो ओरडला, "उजवीकडे, पिल्वी, उजवीकडे."

पिल्वी डावीकडे वळली. माझी टोळीही तिच्यामागून डावीकडे.

रायमोने बर्फात आकडा रोवून स्लेज थांबवली, पुढे गेला, पिल्वीचा पट्टा धरून तिला उजव्या वाटेवर आणलं. चार पावलं ती गेली. मग तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, आपला मालक आज शुद्धीवर नाही असं काहीसं, आणि टोळीसकट मऊ बर्फातून गोल फिरून पुन्हा डाव्या फाट्यावर येऊन बसली. दोऱ्यांचा हा गुंता झाला. रायमोने गुंता सोडवला, पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. तो घामाने भिजला. शेवटी त्याने हातातला दोर आपटला आणि शिवी घातली.

"तिला कशाला बोलतोस," सासरे म्हणाले. "तू शिकवलंस ते ती करतेय. हुशार आहे पोर."

"बाबा, मी पुढे चालतो, सिर्कू माझी स्लेज..." रायमोने माझ्याकडे बोट केलं.

"कंबरभर बर्फात तळ्यापर्यंत चालणार? राहू दे. चला, कॉफी पिऊ."

मग आम्ही डावीकडे गेलो. झोपडीपाशी कुत्री थांबली आणि फोटोची वाट बघत पडून राहिली. सासऱ्यांनी पाहुण्यांच्या बाकावर बसून पाहुण्यांचं सॉसेज भाजलं, मला म्हणाले, "काढ की फोटो. पैसे वसूल व्हायला नकोत?" मी काढला. त्यात ते हसताहेत, पण फावडं अजून मांडीवरच आहे.

त्या संध्याकाळपासून रायमोने नवी शिकवणी धरली. पाहुणे गेले की पिल्वीची टोळी घ्यायची, खिशात चरबी भरायची आणि उजव्या फाट्यावर थोडं पुढे, रोज आणखी थोडं पुढे. मी म्हटलं, "स्नोमोबाइलने आधी वाट तरी दाबून घे." ती त्याने घेतली, अर्ध्यापर्यंत.

पुढच्याच आठवड्यात बर्फ लागला. दिवसच्या दिवस थांबेना. सासरे खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले.

"जड आहे हा," ते म्हणाले. "ओला आहे. खोपट्यावर बसला असेल."

"पिल्वी तयार होतेय, बाबा. पुढच्या रविवारी नेतो."

"मला राहू दे. तूच स्नोमोबाइल घेऊन जाऊन ये."

"उद्या तीन कुटुंबं आहेत. परवा दोन. चाळीस वर्षं उभं आहे ते, आठ दिवसांनी कुठे पळून जातंय?"

म्हातारा पुन्हा खिडकीकडे वळला. तो रविवार आला, तेव्हा रायमो म्हणाला की पिल्वी अजून बिचकते, आणखी थोडे दिवस लागतील. मला नवल वाटलं, कारण आदल्या संध्याकाळी तो बराच उशिरा परतला होता आणि कुत्री चांगली दमलेली होती. पण मी विचारलं नाही. सीझनमध्ये नवराबायको एकमेकांना फक्त सॉसेज किती उरलेत तेवढंच विचारतात.

स्कीच्या सुट्टीत टांपेरे शहरातून एक कुटुंब आलं. आई, वडील, आठेक वर्षांची विल्या आणि तिचा गुबगुबीत धाकटा भाऊ. आमच्या नेहमीच्या रीतीने रायमो पहिल्या स्लेजवर पुढे, मध्ये पाहुणे पिल्वीच्या टोळीबरोबर, आणि शेपटाला मी. वडील मागच्या पाट्यांवर उभे, आई आणि मुलं कातड्याखाली. ब्रेक कसा दाबायचा ते रायमोने दाखवलं, आणि कुत्र्यांवर भरवसा ठेवा, बाकी काही करू नका, असं बजावलं.

पाइनच्या थोडं अलीकडे धाकट्याचा हातमोजा पडला. मी थांबून उचलला. मान वर केली तर रायमो डावीकडच्या झाडीत दिसेनासा झालेला, आणि पाहुण्यांची स्लेज भरधाव उजवीकडे चाललेली. विल्याचा बाप माझ्याकडे बघून हात हलवत होता. मी ओरडले, "ब्रेक, ब्रेक दाबा." त्याला वाटलं मी शाबासकी देतेय. त्याने दोन्ही हात हलवले.

मी बर्फातला आकडा उपटला. मी टोळीला उजवीकडे पिटाळलं, आणि माझी गुणी कुत्री मला डावीकडे सुखरूप घेऊन गेली.

झोपडीपाशी रायमोला गाठलं, त्याने घरी फोन केला, सासऱ्यांनी केनेलवरच्या मदतनिसाला सांगून स्नोमोबाइल पाठवली. मी रायमोच्या मागे बसले. वाटेत मला दिसलं की ती वाट अर्ध्यापाशी संपत नव्हती. दाबलेला बर्फ थेट तळ्यापर्यंत होता, त्यावर रायमोच्या स्लेजच्या जुन्या रेघा.

"तू इथवर आला होतास?" मी त्याच्या कानाशी ओरडले. त्याने वेग वाढवला.

ती मंडळी खोपट्यापाशी मजेत होती. पिल्वी दारासमोर पडून चरबीची वाट बघत होती. आई म्हणाली, "माहितीपत्रकात याबद्दल काहीच नव्हतं, किती छान धक्का दिलात." मी मात्र खोपट्याकडे बघत होते. छप्पर मधोमध खाली आलं होतं. मोठी तुळई मोडून आत घुसली होती आणि तिची मोडलेली बाजू अजून पिवळी होती, ताजी. दाराशी रायमोचं फावडं उभं होतं. एका बाजूने त्याने बर्फ उपसला होता, एक नवा ओंडका टेकू म्हणून आत सरकवायचा प्रयत्न केला होता.

"सरळ करून मग दाखवणार होतो," तो हळूच म्हणाला. "निदान आत बसता येईल इतकं. वसंतापर्यंत."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटलं फक्त.

आम्ही परतलो तेव्हा सासरे अंगणात काठी टेकून उभे होते. मुलं दिसली तसा त्यांचा चेहरा सैल पडला. विल्या धावत त्यांच्याकडे गेली.

"आजोबा, आम्ही हरवलोच नव्हतो. आम्ही मोडक्या घरापाशी होतो."

"कुठल्या मोडक्या घरापाशी?"

"तळ्यावरच्या. त्याचं छप्पर आत पडलंय, आणि आत एक बाक आहे, त्याच्यावर पण बर्फ. दार मात्र उघडतं. मी उघडलं."

सासऱ्यांनी रायमोकडे पाहिलं. रायमोने खाली. तेवढ्यावरून म्हाताऱ्याला सगळं कळलं, रायमोला कधीपासून माहीत होतं तेसुद्धा.

"दार उघडतं ना," ते विल्याला म्हणाले. "बरं झालं. बिजागऱ्या चांगल्या होत्या त्याच्या." मग तिला आत नेऊन त्यांनी गरम बेरीचा रस दिला, दोन बिस्किटंही.

दुसऱ्या दिवशी रायमोने सगळ्या फेऱ्या रद्द केल्या. आमच्या केनेलच्या जन्मात असं झालं नव्हतं. सासरे मुकाट्याने स्लेजमध्ये बसले. पाइनपाशी पिल्वी कुणी न सांगता उजवीकडे गेली, आणि माझी टोळी आज तिच्या मागोमाग गेली.

खोपट्यापाशी सासरे खाली उतरले नाहीत. बसल्या जागेवरून बराच वेळ बघत राहिले. मोडलेली तुळई बघून म्हणाले, "त्या मोठ्या बर्फात पडलंय. त्याच्या आधी नाही."

"चाळीस वर्षं उभं होतं, बाबा," रायमो म्हणाला. "मला वाटलं, राहील."

"उभं होतं, कारण मी येत होतो. जानेवारीत छपरावरचा बर्फ ओढून टाकायचा, नाहीतर ही तुळई धरत नाही. मी तुळईसाठी बारीक झाड तोडलं होतं. तरुण होतो, घाई होती."

"मग बोलला का नाहीत? मला वाटायचं तुम्ही माशांसाठी..."

"मासे तर गावातपण मिळतात," सासरे म्हणाले. "तुला माहीत असेल असं वाटलं मला. छपरावरचा बर्फ काढायचा, हे काय सांगायचं?"

आम्ही दोघं उभेच राहिलो.

मग सासऱ्यांनी काठीने दाराकडे दाखवलं. "ते काढून घे. चांगलं लाकूड आहे. इथे कुजेल."

रायमोने बिजागऱ्यांचे खिळे उपटले, दार सोडवलं आणि स्लेजवर आणलं. ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून सासऱ्यांनी ते आपल्या मांडीवर आडवं घेतलं, दोन्ही हातांनी धरलं. कडी त्यांच्या छातीशी आली.

परतताना मी त्यांच्या मागून येत होते, म्हणून मला सगळं दिसत होतं. सासरे पुढे तोंड करून बसलेले, रायमो त्यांच्या मागे पाट्यांवर उभा. रायमो वाटभर रडत होता. हातमोज्याने नाक पुसत होता आणि पुन्हा रडत होता. म्हाताऱ्याला पाठीमुळे मागे वळून बघता येत नाही, म्हणून त्यांना ते दिसलं नाही. पण एकदा चढणीवर त्यांनी दारावरचा एक हात काढला, न बघताच मागे नेला, आणि रायमोचा हात जिथे स्लेजच्या दांड्यावर होता तिथे ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग दार घसरायला लागलं, म्हणून परत घेतला.