जिभेखालचा खडा

मला मधोमध कापले, तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतील. प्रत्येक पापुद्रा कागदाहून पातळ. मित्रांनो, मी एक जुना खडा आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. आता तुमच्या शाळेच्या कपाटात, काचेच्या बाटलीत असतो. माझा जन्म माणसाच्या तोंडातला; एका डॉक्टरांनी मला जिभेखालून काढले.

इंग्रजांच्या राज्यात वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते, तेव्हाची ही गोष्ट. मोताळ्याजवळच्या खेड्यात सत्यभामाबाई राहत. त्यांच्या जिभेखाली लाळ आणणारी एक बारीक नळी होती. तिच्यात क्षाराचा कण अडकला, त्यावर थर चढले आणि मी झालो. मला पुढे सरकता येईना, मागे फिरता येईना.

बाईंनी आंबट खाल्ले की लाळेचा लोंढा येई आणि माझ्यापाशी तुंबे. जबड्याखाली सुपारीएवढी गाठ फुगून ठणकू लागे. मग लाळ माझ्या कडेने झिरपे आणि गाठ ओसरे. त्यांची बहीण रुख्मिणी मानेतल्या गाठीने गेली होती. आपलीही गाठ तीच, आणि ती कापली की माणूस वाचत नाही, असे बाईंनी मनाशी धरले. माझ्यासारख्याच त्याही अडकल्या. घरात पुरुष आधी जेवत, बाया मागून. त्यामुळे त्यांचे यजमान निवृत्तीराव यांना गाठ कधी दिसलीच नाही. बाईंचे जेवण मात्र कमी होत गेले. बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या.

एकदा जाऊ मनकर्णाबाई म्हणाल्या, "पदराआड जेवून राह्यली काऊन वं? नवी नवरी हायेस काय?" त्यांनी पदर ओढला, आणि फुगलेली गाठ पाहिली. भांडी घासून झाल्यावर त्यांनी पुन्हा पाहिले. गाठ ओसरली होती.

"रुख्मिणीची गाठ रातदिस तशीच राहे," त्या म्हणाल्या. "तुही गाठ तं पाहुण्यावानी जेवाले येते अन् चालली जाते. हे दुसरंच काही हाये. दवाखान्यात दाखव."

"ह्यायले खरं नाही वाटनार. ह्यायले गाठ दिसतच नाही."

"मंग दिसन तवा दाखव."

मित्रांनो, मी दुखणे होतो, मरण नव्हतो. पण तोंडात राहूनही मला ते बोलता येत नव्हते. म्हणून आता सांगतो, गाठ लपवू नका. ती कसली आहे, हे भीतीला ठरवू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी अंबाडीची आंबट भाजी होती. निवृत्तीराव जेवत असताना बाई आपले ताट घेऊन समोर बसल्या.

"हे काय नवीन?" त्यांचा घास हातातच राहिला.

बाईंनी पदर मागे टाकला आणि भाकरीशी भाजी खाल्ली. लोंढा आला, माझ्यावर आदळला. गाठ वर आली.

"पाहा," त्या म्हणाल्या. "लय दिवसापासून हाये. उद्या गाडी जुंपा. मले बुलढाण्याच्या दवाखान्यात जाचं हाये."