ट्रम्पेटच्या तोंडातला बोळा

मी एक जुना म्यूट आहे. मित्रांनो, हसू नका. तुमच्या घरच्या रिमोटवर या नावाचे बटण असते, तो मी नव्हे. मी ट्रम्पेटच्या पुढच्या पसरट तोंडात बसणारा बोळा. अॅल्युमिनियमचे निमुळते अंग, त्यावर बुचाच्या तीन पट्ट्या आणि बुडाला तांब्याची चकती. मी बसलो की ट्रम्पेटचा दणदणीत आवाज बारीक होतो, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो.

मिलवॉकीच्या एका छोट्या कारखान्यात पत्रा गरगर फिरवून मला घडवले. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता कशी ती नाही. मला विकत घेतले मार्लिस हॉगनने, कॉलेजात असताना. जुन्या संगीतकारांच्या रचना वाजवताना मी निवांत बसून असे. पण पुढे तिला आजच्या अमेरिकन रचनांचे वेड लागले आणि माझे हाल सुरू झाले. घाल, काढ, पुन्हा घाल! मधल्या वेळात मी तिच्या गुडघ्यांत दाबलेला. मला बसवण्यापूर्वी ती ट्रम्पेटच्या तोंडात एक गरम फुंकर मारी. त्या दमटपणाने माझे बूच घट्ट धरून राही. टाळ्या मात्र नेहमी तिला आणि ट्रम्पेटला. माझे नाव कुणी घेतले नाही, आणि मला कधी कुणी पुसलेही नाही.

ओडेल फँचर हा तिचा शिकागोचा म्हातारा मित्र. त्याने खास तिच्यासाठी ट्रम्पेट आणि पियानोची एक रचना लिहिली. ती रेकॉर्ड करायला आम्ही सगळे डुलुथच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये जमलो. तिथला घुमारा चांगला. पियानोवर लेनोर बिसेक होती. माइक आणि कानाला मोठे हेडफोन लावून बसला होता गस टोलेफसन. शाळेच्या बँडमध्ये तो मार्लिसचा विद्यार्थी होता आणि अजूनही तिला नावाने हाक मारायला घाबरत होता.

बर्फ फुटून बंदर नुकतेच उघडले होते. सूर लागला रे लागला की खाली सरोवरात एखादे जहाज भोंगा वाजवी. पुन्हा सुरुवात. त्यात चार वाजता चर्चमध्ये एका अंत्यविधीची प्रार्थना होती. तळघरात बायकांनी नंतरच्या जेवणासाठी हॉटडिश, म्हणजे मांस-बटाट्याचा भाजलेला पदार्थ, भट्टीत ठेवल्याचा वास वर येऊ लागला होता. माझा जीव नुसता वरखाली होत होता.

आणि मग तो आवाज आला. खालच्या, हळू सुरावर बारीकशी फर्र.

"कुठून येतंय हे?" गस वैतागला.

मला वाटले, हीटर! तो खोकड मेला सकाळपासून कण्हतच होता. गसने हीटर बंद केला. सगळे कोट घालून बसले. तरी फर्र. मग मी लेनोरच्या बांगड्यांवर संशय घेतला. तिने त्या काढून खिशात टाकल्या. तरी फर्र. शेवटी सगळ्यांनी एकदा मार्लिसकडे पाहिले आणि पटकन नजर वळवली.

ट्रम्पेटवाल्याचे सारे भांडवल म्हणजे ओठ. वयाने तो सैल पडला की सुरातून हवा निसटते, ती अशीच वाजते. मार्लिस साठी ओलांडलेली.

"गस, माइक तपासणं पुरे," ती म्हणाली. "तो आवाज माझा आहे. हिवाळाभर ऐकतेय मी घरी."

"आणि बोलली नाहीस?" ओडेल म्हणाला.

"काय बोलू? ओठ गेला माझा. मिनियापोलिसच्या त्या पोरीला बोलाव. झकास वाजवते."

"मी हे तुझ्यासाठी लिहिलंय. त्या पोरीला मी जन्मात बघितलेलं नाही."

"मग बघ की. दिसायलाही बरी आहे माझ्यापेक्षा."

"एकदाच, मार्लिस," लेनोर म्हणाली. "मग मी हट्ट करणार नाही."

मार्लिस उठली. मन थाऱ्यावर नव्हते, फुंकर मारायची राहिली. मला कसेबसे बसवून तिने सूर लावला आणि माझे कोरडे बूच निसटले. मी दगडी फरशीवर आपटलो आणि खडखडत पियानोखाली गेलो.

"हलू नका कुणी!" गस ओरडला. "मिसेस हॉगन, तो उचला. कानाशी धरून हलवा."

तिने मला हलवले. फर्र.

"हाच! सकाळपासून मी हाच ऐकतोय!"

माझी चकती सुटली होती. मित्रांनो, मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. हीटरला नावे ठेवणारा मी! आणि तरी इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"अरे गाढवा," मार्लिस माझ्यावर खेकसली. "हिवाळाभर रडले रे मी. आणि तू होतास?"

दुसरा म्यूट कुणाकडे नव्हता, डिंक वाळायला वेळ नव्हता. ओडेलने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली. "ही अडकव ट्रम्पेटच्या तोंडावर. माझा काका डान्स बँडमध्ये हेच करायचा."

मी बाकावर पडून ऐकत होतो. सूर खाली उतरला, हळू झाला, त्या जागी आला. स्वच्छ होता. शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. मार्लिसचे नाक वाहत होते, पण रेकॉर्डिंग बिघडेल म्हणून तिने ते ओढलेसुद्धा नाही.

आता माझी चकती पक्की बसली आहे. मित्रांनो, तुमच्या हातातल्या वस्तू वर्षानुवर्षे मुकाट राबतात, म्हणून त्या धडधाकट आहेत असे समजू नका. अधूनमधून त्यांना उलटेसुलटे करून बघा, पुसा, डिंकाचा एक थेंब लावा. आम्हाला दुखले तर सांगता येत नाही, आणि मग आमचे दुखणे तुम्ही आपलेच समजून बसता.

त्या दिवशी गसने "झालं" म्हणताच मार्लिसने ट्रम्पेट मांडीवर ठेवला आणि दोन बोटांनी आपला ओठ चाचपला.

"ओडेल," ती म्हणाली, "आहे रे. अजून आहे."