बनुबाईचं हसू

आमच्या 'खालची आळी' या मालिकेचे पहिले दोन सीझन तुम्ही पाहिले नसतील तर उत्तमच. घसरून पडणं, लुगडं नेसलेले पुरुष, सगळं मीच लिहिलं होतं आणि वाईट लिहिलं होतं. तिसऱ्या सीझनला सूर सापडला तो बनुबाईमुळे.

पारनेरजवळ आमचं शूटिंग चालायचं, तिथे ती भाकरी थापायला यायची. सत्तरीची, तोंडाने फटकळ. एकदा मी आणि कलाकार मिळून प्रसंग वाचत होतो. बाईच्या तोंडावरची माशी हलेना. पण सरपंचाचं काम करणारा छगन गंभीरपणे म्हणाला, "परवा नळाला पाणी येणार," तशी ती पोट धरून हसली.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मी चिडून विचारलं.

"उद्याचं कुणी छाती ठोकून बोललं की मला लई हसू येतं बघ. त्याला काय ठावं?"

त्या दिवसापासून माझं प्रत्येक पात्र बेत आखू लागलं. दर वाचनाला बनुबाई लाल प्लास्टिकच्या खुर्चीत, समोर माइक, आणि आमचा साउंडवाला मुजफ्फर हेडफोन लावून तिचं हसू टिपायला. ती हसेल ते ठेवायचं, बाकीचं फाडायचं. मालिका तुफान चालली.

अकराव्या भागानंतर बनुबाई झोपेतच गेली. तिच्या दहाव्याला आम्ही सगळे जाऊन आलो. पुढच्या वाचनाला तिची खुर्ची आणि माइक कुणी हलवला नाही. चांगलं चाललेलं मोडायचं कशाला, असं प्रत्येकाला वाटलं असावं. वाचन संपल्यावर मुजफ्फर माझ्याजवळ आला.

"ताई, माइकमधनं बाईचं हसू येतंय. बरोब्बर जागेवर."

मी ऐकलं. तेच हसू, शेवटी तोच खोकला. भीती वाटली. पण खरं सांगते, त्याहून जास्त हायसं वाटलं. मी खुर्ची तिथेच ठेवली.

मग एकदा चहाच्या वेळी, माइक चालू असतानाच, छगन म्हणाला, "दिवाळीला घराचा स्लॅब टाकतोय म्हणजे टाकतोय." मुजफ्फरने झटकन खुर्चीकडे पाहिलं. चौथ्या दिवशी मेकअप करता करता छगन आरशासमोरच कोसळला, तो उठलाच नाही.

"खुर्ची उचलू या, ताई," मुजफ्फर म्हणाला. "ती आता नुसती लिहिलेल्यावर हसत न्हाई."

"दोनच भाग राहिलेत रे," मी म्हणाले. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती.

शेवटच्या वाचनात मध्येच नगरहून माझ्या मुलीचा, ज्ञानेश्वरीचा फोन आला. हातात कागद होते, म्हणून मी स्पीकर लावला.

"आई, रविवारी माझा वाढदिवस आहे. येणार ना?"

"नक्की येते गं. शूटिंग गेलं खड्ड्यात."

"मग मी सकाळपासून फाटकातच उभी राहीन."

फोन ठेवून मी वळले. मुजफ्फरने हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते.

"माझ्या बोलण्यावर हसली ना?" मी विचारलं. हो म्हण, देवा, त्याला हो म्हणू दे.

त्याने मान खाली घातली. "तुमी बोलला तवा गप हुती, ताई. पोरगी बोलली तवा हसली."