दोन वाघिणी, एक ब्रेक

गिट्टी कंपनीच्या मॅनेजरने दिलेल्या कागदावर एकच ओळ होती : ‘माझ्या गाफीलपणामुळे अपघात झाला.’ खाली भीमरावांची सही तेवढी व्हायची होती. त्यांनी दौतीत टाक बुडवला, तोच त्यांच्या मुलीने, बकुळाने, कागद ओढून घेतला.

“बाबा, तुम्ही गाफील होतात?”

“नाही गं. ब्रेकच्या दांड्याला अख्खा लोंबकळलो होतो. पण सही केली तर कामावर ठेवतील म्हणतात.”

“मग मुळीच करायची नाही.”

सन बावन्नचा मे महिना. झाशीबाहेरच्या त्या खाणीतून खडीने भरलेल्या वाघिणी, म्हणजे रुळांवरचे मालाचे डबे, उतारावरून आपसूक खाली येत. सपाटीला लागल्या की भीमराव बाजूने पळत ब्रेकचा दांडा दाबून धरत. अठरा वर्षं वाघीण एकेकच यायची. त्या दिवशी मॅनेजरला घाई होती; त्याने दोन जोडून सोडायला लावल्या. चालू ब्रेक एकीलाच होता; दुसरीचा बिघडलेला होता. रुळांच्या टोकाचा अडसर मोडून पुढची वाघीण ऑफिसच्या भिंतीत घुसली. कुणी दगावलं नाही, एवढंच नशीब.

बकुळा इंटर सायन्सला होती. तिने बाबांना खोदून खोदून विचारलं. एकटी वाघीण थांबायला किती वेळ लागतो? वीस अंक, भीमराव म्हणाले. दांडा धरून ते रोज मनात मोजत. किती अंतरात? शंभर फूट. आणि रूळ? दीडशेला संपतात. वहीवरचं गणित सुटलं तशी तिची कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवशी बापलेक खाणीवर गेले. कामगारांदेखत बकुळा मॅनेजरला म्हणाली, “साहब, ढलान वही है, तो एक आए या दो, नीचे चाल वही रहेगी। पर वज़न दुगना और ब्रेक एक। रुकने में वक़्त भी दुगना लगेगा। दो सौ फ़ुट चाहिए, आपके पास डेढ़ सौ हैं।”

मॅनेजर हसला. “अब लड़कियाँ गाड़ी रोकना सिखाएँगी?”

“मैं नहीं सिखाती। आप रोककर दिखाइए।”

चाळीस माणसं ऐकत होती. मॅनेजरला माघार घेता येईना. त्याने कामगारांतल्या जयसिंगला हाक मारली. झाशीतल्या खंडेराव गेटच्या आखाड्यातला हा गडी, मान बैलासारखी. मोडलेल्या अडसराच्या जागी वाळूचा मोठा ढीग होता, म्हणून भिंतीची भीती नव्हती.

आधी एकटी वाघीण सोडली. जयसिंग दांड्याला लोंबकळला. बकुळा मोठ्याने मोजत होती. एकविसाला वाघीण थांबली.

मग दोन सोडल्या. त्याच वेगाने आल्या. जयसिंगने दात आवळले, टाचा घासल्या, मानेच्या शिरा तटतटल्या. अठरा झाले, वीस झाले, आणि पुढची वाघीण धाडकन वाळूत शिरली. बाजूला उडी टाकलेला जयसिंग उठला, धूळ झटकली आणि मॅनेजरकडे वळून म्हणाला, “साहब, इसमें आदमी का कसूर नहीं। इसे तो हाथी भी न रोके।”

मॅनेजर पाठ फिरवून निघून गेला. भीमराव दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्यांना कुणी अडवलं नाही, पण चुकलो असंही कुणी म्हणालं नाही.

आठवड्याने उताराच्या माथ्यावर पुन्हा दोन जोडलेल्या वाघिणी दिसल्या. भीमरावांनी लाल कापड दाखवून त्या उतारावर सोडू दिल्या नाहीत, आणि सरळ रुळात मांडी घातली.

मॅनेजर धावत आला. “भीमराव, उठते हो कि निकाल दूँ?”

“निकालिए। पर पहले गाड़ी अलग कीजिए।”

इतक्या वर्षांत त्यांनी साहेबाला उलट उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं, आणि ते जागचे हलले नाहीत. जयसिंग आला, त्यांच्या शेजारी बसला. मग एकेक करत सगळेच बसले. ऊन डोक्यावर आलं, रूळ तापून चटके बसू लागले, तरी कुणी उठेना.

बाराच्या सुमाराला माथ्यावरच्या माणसाने दोन वाघिणींमधली साखळी काढली. खणखणाट खालपर्यंत ऐकू आला. तेव्हा कुठे भीमराव उठले.