पश्चिम वस्तीतल्या विल्माचं मत

डॉकर्सचा कारभार माझ्या हातात असता ना, तर या मोसमात आम्ही आठ सामने हरलो नसतो. फुशारकी नाही मारत. बेचाळीस वर्षं मी या संघाचे सामने बघतेय. त्यातली तीस वर्षं मी शहराची बस चालवली, आणि सोमवारी सकाळी बसमध्ये माणसं जे बोलतात ते ऐकून मला जेवढा आमचा अमेरिकन फुटबॉल कळला तेवढा आमच्या ब्रँडवोल्ड प्रशिक्षकाला सात जन्मांत कळायचा नाही. वसंतात नवे खेळाडू निवडायची पहिली पाळी आमची होती. समोर भिंतीसारखा दणकट गडी उभा होता. या अतिशहाण्यांनी उचललं कोणाला? तर एका देखण्या पळणाऱ्याला! आता चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून मार कोणी खायचा? कोणी नाही. म्हणून बिचारा ग्रिम्स दर रविवारी पाठीवर आपटतो आणि लोक त्यालाच नावं ठेवतात.

आणि किकर! तासन् तास हाताने खेळायचं, एकमेकांची हाडं खिळखिळी करायची, आणि शेवटी सगळी अब्रू एका माणसाच्या पायावर टाकायची, असा आमचा खेळ. तो पाय लुडविगसनचा. एकेकाळी सोन्याचा पाय होता, मी नाही म्हणत नाही. पण आता वय अडतीस. त्या रविवारी त्याने तीन चेंडू खांबांच्या बाहेर घालवले. शेवटचा तर तेहतीस यार्डांवरून, आणि आम्ही दोन गुणांनी हरलो. तेहतीस यार्ड! माझी सासूसुद्धा मारेल, आणि तिला तर चर्चच्या मागे पुरून अकरा वर्षं झाली.

माझ्या जीवाची घालमेल जास्त होती त्याला कारण होतं. वरच्या मजल्यावर माझा भाडेकरू राहायचा, टोबायस रँडल. तोही किकर. पण सरावाच्या तुकडीतला. म्हणजे आठवडाभर संघाबरोबर घाम गाळायचा आणि सामन्याच्या दिवशी घरी बसायचं. सव्वीस वर्षांचा, अलाबामाचा, तोंडात साखर. मला ‘मिस विल्मा’ म्हणायचा. चार संघांनी त्याला घेतला आणि सोडला होता. खऱ्या सामन्यात एकदाही पाय लावला नव्हता त्याने. उन्हाळ्यात गावी टायरच्या दुकानात काम करायचा आणि आईला सांगायचा, यंदा नक्की.

रविवारी सामना संपला तसा तो चेंडूंची पिशवी घेऊन शाळेच्या मैदानावर गेला. मैदानावर बर्फ. दिवस मावळताना लंगडत परत आला. मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि जांघेवर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवली.

“मिस विल्मा, हे कुणाला सांगू नका हं,” तो म्हणाला. “चारपाच दिवसांत बरं होईल. पण उद्या सगळ्यांची नजर माझ्या पायावर असणार आहे.”

“अरे, माझ्या पोटात राहील,” मी म्हटलं. आणि देवाशपथ, मनापासून म्हटलं.

सोमवारी मला पाचलाच जाग आली. बसवेना. ओव्हन घासला. जिना झाडला. टोबी सातच्या मीटिंगला गेला, जिना एकेक पायरी उतरत. पुन्हा ओव्हन घासला. डोक्यात एकच, की आज नाही तर कधीच नाही. ब्रँडवोल्ड भित्रा आहे, तो पुन्हा लुडविगसनलाच धरून बसेल, नाहीतर कुठून तरी दुसरा म्हातारा आणेल. कोणीतरी त्याचा कान धरायला हवा होता.

दहाला रेडिओवर डेक्सचा कार्यक्रम लागतो. सामन्यानंतरच्या सोमवारी मी फोन करणार हे अख्ख्या शहराला माहीत. खाटकाच्या दुकानात नुसतं ‘अर्धा पौंड द्या’ म्हटलं तरी रांगेतली माणसं वळून बघतात, अरे, ही तर पश्चिम वस्तीतली विल्मा! खोटं कशाला बोलू, आवडतं मला ते.

“बोला विल्माबाई! रडून झालं का?” डेक्स म्हणाला.

“रडायचं वय गेलं रे. शिव्या द्यायला फोन केलाय. चौथ्या, शेवटच्या प्रयत्नात एक यार्ड हवा होता, एक! आणि तुझा ब्रँडवोल्ड समोरच्या संघाला चेंडू देऊन मोकळा! अरे, एवढी भीती वाटते तर ग्रंथालयात नोकरी कर म्हणावं.”

“आणि लुडविगसन?”

“त्याला गुच्छ द्या, मिठी मारा आणि घरी पाठवा. रँडल आहे ना हाताशी.”

“चार संघांनी हाकललेला रँडल?” डेक्स हसला. “विल्माबाई, तो तुमचा भाडेकरू, म्हणून हे कौतुक. खरं सांगा, त्याच्यात जिगर असती तर आतापर्यंत कुठेतरी टिकला नसता?”

माझं डोकं सणकलं. कोणी मला खोटी म्हटलं तर मी ऐकून घेते, पण घरच्या माणसाला नावं ठेवली की माझा तोल जातो.

“जिगर नाही? काल सामना संपल्यावर बर्फात एकटा साठ चेंडू मारून आला तो! घसरला, जांघ आखडली, जिना चढवेना. माझ्या स्वयंपाकघरात मटारची पिशवी लावून बसला होता, तरी हूं नाही की चूं नाही. आणि आज सकाळी सातला हजर! याला जिगर म्हणतात बाळा, लिहून घे.”

डेक्सचं हसणं बंद झालं. मग म्हणाला, “वा! ब्रँडवोल्डसाहेब, ऐकताय ना?”

मी फोन ठेवला आणि कॉफी ओतून घेतली. अशी खूश होते मी, काय सांगू! डेक्सला गप्प करणं म्हणजे काही खायचं काम नाही. अर्धा कप संपला असेल, तेवढ्यात माझ्या भावाचा, ऑगीचा फोन.

“विल्मे, सकाळी सकाळी प्यायलीस का?”

“काय झालं?”

“किकर! जांघ आखडलेली! आणि तू अख्ख्या शहराला सांगितलंस! तुला ते पोर संघात हवंय की गावी?”

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, आई मला लहानपणापासून म्हणायची. पण कबूल करेन तर मी कसली. “ब्रँडवोल्ड कुठला रेडिओ ऐकतोय,” मी म्हटलं.

“तो नसेल ऐकत. त्याची माणसं ऐकतात. त्याच कामाला ठेवलेली असतात ती,” ऑगी म्हणाला आणि त्याने फोन आपटला.

मग दिवसभर मी या खिडकीतून त्या खिडकीत. पुन्हा रेडिओला फोन करून ‘मी गंमत केली’ म्हणावं? म्हणजे उलट सगळ्यांच्या लक्षात राहणार. टोबीला कळवावं? तो मीटिंगमध्ये. चारला तो आला तेव्हा दारातच त्याच्या तोंडाकडे बघितलं. तर हा शीळ घालतोय! कोबी आणि लोण्यात परतलेल्या शेवयांची हलुश्की केली होती, दोन ताटल्या भरून खाल्ली. पायाचं विचारलं तर म्हणाला, “बरंच बरं आहे.” तीनदा माझ्या ओठांवर आलं. तीनदा मी त्याला आणखी वाढू का विचारलं. एवढी बडबडी बाई मी, आणि नेमकं जे बोलायचं तेच बोलवेना. उद्या त्यांना सुट्टी आहे, निवांत सांगू, असं ठरवलं. भित्रेपणाला मुहूर्त काय, कधीही सापडतो.

मंगळवारी सव्वाआठला त्याचा फोन वाजला. तो माझ्याच टेबलापाशी टोस्टला लोणी लावत होता. “हो साहेब,” म्हणाला, “हो, येतो.” मग सुरी खाली ठेवली.

“काय म्हणाले?”

“ये म्हणाले. टॅब घेऊन ये.”

आमच्या शहरात शेंबड्या पोरालासुद्धा याचा अर्थ कळतो. त्या टॅबमध्ये संघाच्या सगळ्या चाली असतात. पूर्वी जाडजूड वही असायची. नुसतं ‘ये’ म्हणाले तर काम असतं. वस्तू घेऊन ये म्हणाले की ती तिथेच ठेवून यायची असते.

“काहीतरी चुकलं असेल,” टोबी म्हणाला. “चुकलंच असणार.”

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. गाडीत बसून काय उत्तर द्यायचं याचा त्याने विचार केला असता. मी काय म्हटलं? “हळू चालव, रस्त्यावर बर्फ आहे.” माझी मलाच लाज वाटते.

तो गेला आणि मी घरभर फिरत सुटले. बसले की उठायची, उठले की बसायची. ब्रँडवोल्डला शिव्या दिल्या. डेक्सला दिल्या, कारण त्यानेच मला डिवचलं. गेल्या वर्षी चांगला किकर सोडून दिला म्हणून मॅनेजरला दिल्या. शहरात शिव्या द्यायला माणूस उरला नाही तेव्हा भिंतीला टेकून उभी राहिले. बाराच्या सुमाराला त्याची गाडी आली. मोकळ्या हाताने उतरला.

तो सरळ स्वयंपाकघरात आला, खुर्चीत बसला. कोट काढला नाही. मीच बोलले.

“टोबी, माझी चूक झाली रे.”

“माहीत आहे. त्यांनी मला तुमचं रेडिओवरचं बोलणं ऐकवलं,” तो म्हणाला. “पूर्ण ऐकवलं. मटारसकट.”

ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडण्याला मी ओरडून उत्तर देऊ शकते.

“डॉक्टरांनी जांघ दाबली. मी उडालो,” तो म्हणाला. “ब्रँडवोल्ड म्हणाले, दुखणं आठ दिवसांत जाईल, त्याचं काही नाही. पण काल सकाळी ‘काही दुखत नाही’ असं लिहून सही केलीस. जो पायाबद्दल खोटं बोलतो त्याच्यावर सामना कसा टाकू?”

“मी त्या ब्रँडवोल्डला भेटते! त्याच्या दारात जाऊन बसते! नाहीतर डेक्सला सांगते, मी म्हातारी आहे, बरळते...”

“मिस विल्मा.” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “आता कुणालाही फोन करू नका. प्लीज.”

मी ओट्याला धरून उभी राहिले. म्हटलं, “पण मी बोलले नसते तर त्या भित्र्याने तुला घेतलंच नसतं रे. कोणीतरी बोलायलाच...”

“घेतलं होतं.”

“काय?”

“काल सकाळी आठ वाजता. मला खोलीत बोलावलं आणि सांगितलं, येत्या रविवारी तू. लुडविगसनला सोडतोय. मंगळवारपर्यंत कुणाला सांगू नकोस.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “रविवारी आई येणार होती.”

माझा फोन दहाचा. म्हणजे दोन तास आधीच तो डॉकर्सचा किकर झाला होता. रडू फुटलं मला. राग आला, कशाचा ते कळेना, आणि सवयीप्रमाणे तो राग मी समोरच्यावरच काढला.

“मग मला का नाही सांगितलंस? काल इथेच बसून शीळ घालत होतास! निघतानाच एक फोन केला असतास, मिस विल्मा, झालं म्हणून! मग मी कशाला बोलले असते त्या डेक्सशी?”

टोबीने माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, टोमणा मारायलाही नाही. खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्याने विचारलं, “आठला मी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही गप्प बसला असतात?”

मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. बेचाळीस वर्षांत कुठल्याच प्रश्नावर माझ्याकडे मत नाही असं झालेलं नाही.

“नाही,” मी म्हटलं. “कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच लावून ठेवला असता मी फोन.”

त्याने मान हलवली आणि सामान बांधायला वर गेला.