दिवस असताना जेव

श्रद्धाला वाटलं होतं, एडिंबरात दिवस मावळायची घाईच नसते. तिचा चुलतभाऊ अरिहंत जूनमध्ये तिकडे जाऊन आला होता. "रात्री दहाला ऊन असतंय तिथं," असं त्यानं आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, तेव्हा सगळ्यात खूश झाली होती तिची आज्जी, चंपाबाई. दिवस मावळल्यावर खायचं नाही, हा आमच्या जैन घरचा नियम. पोरगी उपाशी राहणार नाही, एवढंच म्हातारीनं त्यातून घेतलं.

श्रद्धा पोचली जानेवारीत. बसमधून उतरली तेव्हा चार वाजले होते आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते.

हे सांगतोय तो मी, तिच्या पाठीवरच्या सॅकमधला स्टीलचा कडीचा डबा. समडोळीच्या जिनपाल पाटलांच्या घरातला. जिनपालच्या बारशाला मी चंपाबाईच्या माहेराहून आलो. सांगलीच्या दुकानात किरकिऱ्या मशीननं माझ्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं: सौ. चंपाबाई. पुढं तिचे मालक गेले, तरी माझ्यावरचं 'सौ.' तिनं कुणाला घासून काढू दिलं नाही.

मी उसाच्या रानात भाकरी नेली. जिनपालबरोबर शाळेत गेलो. मग त्याची मुलगी श्रद्धा शिकायला पुण्याला गेली, तिच्या होस्टेलच्या कपाटात वर्षानुवर्षं राहिलो आणि तिच्याबरोबरच घरी परतलो. माणसं डबा उघडताना आधी वास घेतात आणि मग आईची आठवण काढतात. श्रद्धा आज्जीची काढायची.

घरी मी ज्या फळीवर असायचो, तिच्या वर खतांच्या दुकानाचं एक कॅलेंडर होतं. काळ्या खडकावरचा किल्ला, त्यावर सोनेरी ऊन, खाली गावाचं नाव: एडिंबरा. वर्ष संपलं तरी श्रद्धानं ते उतरवू दिलं नाही. "मी तिथं शिकणार," असं ती चौथीत असल्यापासून म्हणत होती. आणि आता ती खरंच तिथं होती. किल्ला धुक्यात बुडाला होता. दगडी इमारती पावसानं काळ्या पडल्या होत्या, माणसं मान खाली घालून भराभरा चालली होती. तिनं दोनदा थांबून वर पाहिलं. काही दिसलं नाही.

पण मला माहीत होतं, ते तिला माहीत नव्हतं. त्याचं ओझं माझ्यातल्या लाडवांपेक्षा जास्त होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी चंपाबाईला घरी न्यायला सांगितलं, त्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन बसली आणि जिनपालला म्हणाली, "मला आता सल्लेखना घ्यायची हाय." हळूहळू अन्न सोडायचं, मग पाणी, आणि शांत मनानं देह ठेवायचा, असं ते व्रत. माताजींची, म्हणजे आमच्या साध्वींची, परवानगीही तिनं मागून ठेवली होती.

जिनपाल माझ्यासमोरच रडला. "पोरीला सांगूया की गं आई."

"सांगितलंस तर जाईल व्हय ती? आधी तिला जाऊ दे. मग मी घेते."

मग तिनं एकेक वस्तू सोडली. लुगडी वाटली, चष्म्याचं घर देऊन टाकलं. शेवटी मी उरलो. शेंगदाण्याचे लाडू भरून तिनं मला श्रद्धाच्या हातात दिलं. "ह्यात लय जीव अडकलाय माझा. तू ने ह्याला." आणि दोन्ही हात जोडले. "माझ्याकडनं काय चुकलं असंल तर क्षमा कर गं पोरी."

श्रद्धा हसली. "आज्जी, क्षमा मागायचं पर्युषण कवाच झालं की."

त्यानंतर आठवडाभर आम्ही पुण्यात होतो. तिथून फोन केला की आज्जी झोपलेली असायची.

एडिंबरातल्या खोलीत श्रद्धानं मला टेबलावर ठेवलं, कडी काढली, वास घेतला. खिडकीकडे पाहिलं. बाहेर मिट्ट काळोख होता. तिनं झाकण परत लावलं आणि घरी फोन केला.

"अण्णा, पोचले. इथं चारलाच अंधार पडतोय. आज्जीला नका सांगू, तिला वाटंल मी उपाशी हाय."

"बरं."

"आणि रात्रीचे अकरा वाजलेत तुमच्याकडं. एवढ्या बायका णमोकार मंत्र का म्हणतायत?"

जिनपालनं दार लोटल्याचा आवाज आला. णमोकार बारीक झाला.

"श्रद्धा, आज्जीनं व्रत घेतलंय. तू घरातनं निघालीस, त्या दिवसापासनं अन्न सोडलंय. आता नुस्तं पाणी."

"आणि तुम्ही मला जाऊ दिलं?"

"तिनंच तसं सांगितलं हुतं."

"तिला म्हणावं, मी येतेय. मी येईपर्यंत दोन घास खा. दोनच, अण्णा."

"तसं न्हाई हुत, बाळ. सगळ्यांची क्षमा मागून झाली तिची. सगळ्यांनी दिली, खुरपायला येणाऱ्या बायकांनीसुदीक. सकाळी म्हणत हुती, श्रद्धाची तेवढी राहिली. पोरगी नुस्ती हसली."

श्रद्धा भिंतीला टेकून बसून राहिली. समडोळीत आज्जी अन्नाविना, इकडं नात उपाशी, आणि मी काठोकाठ भरलेला. डब्याच्या जातीला याहून मोठं दुःख नसावं.

सकाळी फोनवर परतीचं तिकीट उघडलेलं होतं. शेवटचं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. बऱ्याच उशिरा खिडकीतून ऊन आलं आणि थेट माझ्यावर, त्या ठिपक्यांच्या नावावर पडलं. मागे छपरांच्या वर किल्ला उभा होता, अगदी कॅलेंडरातल्यासारखा. श्रद्धानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग रडत रडत एक लाडू खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत, आणि घरी फोन लावला.

"अण्णा, मी येत न्हाई. आले तर मी तिला खा म्हणणार. माझ्याच्यानं राहवायचं न्हाई. फोन तिच्या कानाला लावा."

तिनं मला मांडीवर घेतलं.

"आज्जी, इथं ऊन पडलंय. मी जेवले. आज्जी, क्षमा केली. माझंबी काय चुकलं असंल तर तू कर."

तिकडून श्वास ऐकू आला. मग अगदी बारीक आवाज आला, "दिवस असताना जेवत जा."

आता मी त्या खिडकीत आहे. श्रद्धा, एवढंच मागतो. मला रोज घास, पण त्या नावावरून हात हलका फिरव.